ओट्यावरचे सहा अंक

माझी सगळी नोकरी अहवाल लिहिण्यात गेली. खोटं मी फार लिहिलं नाही, पण वरच्यांना काय वाचायला आवडतं ते ओळखून लिहायची सवय मात्र चांगली लागली. रिटायर होऊन आता आठ महिने झाले. आंजी गावातल्या माझ्या घरी बसून, कोणी मागितलेला नसताना, हा एक अहवाल लिहिते आहे. तो प्रेमदास कुमरे नावाच्या शिक्षकाचा आहे. त्यात मी किती येईन याचा मला आधी अंदाज नव्हता.

कारंज्याच्या पुढे हायवे सोडून जंगलाच्या बाजूला अकरा किलोमीटर आत गेलं की सावळटोली लागते. चाळीसेक घरं, जवळजवळ सगळी गोंडांची. शाळा पहिली ते पाचवी, दोन खोल्या आणि दोन शिक्षक. मी मुख्याध्यापिका. गावात मला यशोदा देवतळे कोणी म्हणत नसे, सगळे मॅडमच म्हणत. दुसऱ्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी होती. मग एके दिवशी प्रेमदास हजर व्हायला आला आणि त्याच्या मोटारसायकलला मागे एक पोतं बांधलेलं होतं.

मला वाटलं, घरची तूर-बीर आणली असेल. पोतं उघडलं तर आत मेलेले मोबाईल, वायरींचे गुंते, फुटक्या काचेचा एक टॅब आणि रेडिओचा सांगाडा.

"हे काय आणलं?" मी विचारलं.

"सामान हाय मॅडम. शिकवाचं."

मी मनात म्हटलं, झालं. शिक्षक मागितला तर भंगारवाला पाठवला.

तो याच गावचा. बाप आनंदराव हायवेवरच्या एका धाब्यावर भांडी घासायचा, नंतर तंदूरवर गेला. लहानपणी प्रेमदास बापाबरोबर धाब्यावर जाई आणि थांबलेल्या ट्रकांच्या टेपरेकॉर्डरांकडे बघत बसे. एका पंजाबी ड्रायव्हरनं बंद पडलेला रेडिओ फेकून दिला, तो यानं उचलला, महिनाभर उघडझाप केली आणि एका दुपारी तो बोलायला लागला. आनंदराव घाबरला. त्याला वाटलं, पोरानं कोणाची तरी वस्तू चोरून आणली.

पण त्याची खरी गोष्ट शाळेतल्या टीव्हीची होती. ती त्यानं मला पोषण आहाराच्या खिचडीवर बसल्या बसल्या सांगितली. तो दुसरीत असताना याच शाळेला एक रंगीत टीव्ही मिळाला होता. तेव्हाच्या गुरुजींनी तो जडवस्तू नोंदवहीत चढवला, त्याच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकला, त्याला कापडी खोळ शिवून घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं. यात गुरुजींचा काही दुष्टपणा नव्हता. आम्ही सगळेच असं करायचो. सरकारी वस्तू वापरली की बिघडते, बिघडली की खुलासा द्यावा लागतो, आणि न वापरलेल्या वस्तूचा खुलासा कोणी मागत नाही. दसऱ्याला मात्र तो टीव्ही बाहेर काढत, पाट्यांच्या शेजारी मांडत आणि पोरं त्याला हळदकुंकू वाहत.

"चार वर्सं मी त्या टीव्हीले फुलं वाह्यली मॅडम," प्रेमदास म्हणाला. "चालू होतानी एकदाबी नाई पायला."

मला हसू आवरेना. तो हसला नाही, तेव्हा मी खिचडी वाढायला उठले.

त्या वर्षी नागपूरच्या एका संस्थेनं आम्हाला बारा टॅब दिले. मी रीतीप्रमाणे नोंदवहीत चढवले, नंबर टाकले आणि कपाटाला कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी प्रेमदास किल्ली मागायला आला. वर्गात वापरायला नाही, पोरांना घरी न्यायला! आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, फुटले तर मला फासावर देतील. तो म्हणाला, कागद आणा, जबाबदारी माझी असं लिहून देतो. खरोखरच लिहून दिलं. अक्षर इतकं सुंदर होतं की मला आणखीनच राग आला.

टॅब घरोघरी गेले. एक बकरीनं चाटला, एक चुलीजवळ तापून फुगला, एकावर लग्नघरात कोणीतरी बसलं. प्रेमदास पोत्यातलं सामान काढून ते दुरुस्त करी. आणि मला कबूल करायला हवं, पोरं वाचायला लागली. माझ्या छडीनं जी बाराखडी वर्षभरात डोक्यात शिरली नव्हती ती दिवाळीच्या आत शिरली.

तेव्हा सोनू दुसरीत होती. रुखमाची एकुलती एक. रुखमाचा नवरा सोडून गेलेला, ती लोकांच्या शेतात निंदण-वेचणीला जाई. सोनू दोन वर्षं वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मी तिच्या नावापुढे 'मंदबुद्धी असावी, तपासणी करावी' असा शेरा लिहून ठेवला होता. प्रेमदासनं तो वाचला आणि माझ्याकडे आला.

"मॅडम, ते मुकी नाई. तिले तुमचं समजून नाई राह्यलं. तिच्या घरी मराठी बोलतच नाई कोनी."

मी त्या गावात सात वर्षं होते आणि मला गोंडीतला एक शब्द येत होता, येर, म्हणजे पाणी. तोही तहान लागते म्हणून.

प्रेमदास संध्याकाळी रुखमाकडे गेला. अंगणात टॅब ठेवला आणि तिला सांगितलं, घरातल्या, शेतातल्या, जंगलातल्या वस्तूंची नावं आपल्या बोलीत सांगा. प्रत्येक नावापुढे त्यानं चित्र लावलं, खाली मराठी शब्द लावला. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यानं टॅब सोनूच्या मांडीवर ठेवला आणि चित्रावर तिचं बोट टेकवलं. आतून तिच्या आईचा आवाज आला. पोरगी दचकली. तिनं टॅब उलटा करून मागं पाहिलं, आई कुठं आहे ते. मग पुन्हा बोट टेकवलं आणि आईनं जे म्हटलं ते तिनं म्हटलं. मोठ्यानं. मग तिनं खालचा मराठी शब्द म्हटला. अख्खा वर्ग तिच्याकडे बघत राहिला. मी ऑफिसात जाऊन तो शेरा खोडला. खोडला म्हणजे वर शाई इतकी गिरवली की कागद फाटला.

पुढे आम्हाला वर्ध्याला प्रशिक्षण लागलं, 'भविष्यातला वर्ग' या विषयावर. पडद्यावर चकचकीत चित्रं होती. उद्या भिंतच फळा होईल, यंत्र पोरांशी बोलेल, ज्याला जसं हवं तसं शिकवेल, असं एक टाय लावलेले गृहस्थ सांगत होते. मी डुलक्या घेत होते. प्रेमदासनं हात वर केला.

"सर, ते मशीन गोंडी बोलन का?"

लोक हसले. गृहस्थ चांगले होते, म्हणाले, "होईल, हळूहळू तेही होईल."

परतीच्या एसटीत तो मला म्हणाला, "हळूहळू म्हंजे आपले पोट्टे म्हतारे झाल्यावर. आपनच भरू." आणि भरलं. गावातल्या म्हाताऱ्या संध्याकाळी त्याच्याकडे रांग लावून बसायच्या, टॅबमध्ये शब्द सांगायला. एकीला आपला आवाज इतका आवडला की ती रोज यायची. वर्षभरात हजारावर शब्द झाले. तिसरी-चौथीपर्यंत सोनूच हे काम सांभाळायला लागली. प्रेमदासनं तिला सगळं शिकवलं. आवाज कसा भरायचा, चित्र कसं लावायचं, अर्जाचा नंबर टाकून आपलं काम कुठं अडलंय ते कसं बघायचं. गावातल्या बायकांचे कसकसले अर्ज ती पोरगीच टॅबवर बघून सांगे. रुखमा शेतात अभिमानानं सांगायची, माह्या सोनूले मशीन वाचता येते.

आता त्या ओट्याबद्दल सांगायला हवं. शाळेचं सगळं काम ऑनलाइन झालं तेव्हा मी हात वर केले. पोर्टलवरचं लॉगिन मुख्याध्यापकाच्या नावाचं, म्हणजे माझं, आणि ओटीपी यायचा तो माझ्या मोबाईलवर. काम मात्र सगळं प्रेमदास करी. तो ऑफिसच्या खिडकीत लॅपटॉप घेऊन बसे. माझ्या मोबाईलला रेंज मिळे ती फक्त झेंड्याच्या ओट्यावर. त्यामुळे मी ओट्यावर चढून उभी राहायची, मोबाईल ट्रिंग वाजला की सहा अंक ओरडायची, आणि अंगणातली पोरं ते पाढ्यासारखे एका सुरात म्हणायची, म्हणजे खिडकीपर्यंत पोचावेत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा कोणता उपक्रम? मी म्हटलं, अंकओळख. त्यांनी छान असा शेरा दिला.

एखादं पोर दुसऱ्या शाळेत जायचं असलं की ती शाळा पोर्टलवर मागणी टाके आणि आमच्याकडून मंजुरी द्यावी लागे. मंजुरी दिली की पोराचं नाव आमच्या पटावरून उतरायचं. टॅबवर अभ्यास करून आमची पोरं निवासी शाळांच्या परीक्षांना बसायला लागली आणि त्यांचे नंबरही लागायला लागले. पहिला लखन गेला. त्या दिवशी प्रेमदासनं एक पद्धत पाडली. जो जाणार तो पहिल्या रांगेत उभा राहणार आणि त्याचे अंक तोच सगळ्यांत मोठ्यानं म्हणणार. लखन असा ओरडला की शेजारच्या घरातली कुत्री भुंकली. मग सगळ्यांना पेढे. दर वर्षी दोघं-तिघं जात. गाव लहान, नवी पोरं कमी जन्मणारी. पट चौतीसवरून तीस, पंचवीस असा खाली आला आणि गेल्याच्या गेल्या वर्षी वीसवर थांबला.

वीसच्या खाली गेलात तर शाळा जवळच्या शाळेत मिळवणार, असं वरून वारंवार कानावर येत होतं. जवळची शाळा म्हणजे चार किलोमीटर, मध्ये नाला. सहा वर्षांचं पोर तिथं जाणार नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पट मोजायची तारीख तीस सप्टेंबर.

सोनू चौथीनंतर नागपूरकडच्या एका मोठ्या निवासी शाळेच्या परीक्षेला बसली होती. पहिल्या यादीत नाव लागलं नाही. तिनं पाचवीत आमच्याकडेच बसायला सुरुवात केली आणि आम्ही विषय सोडून दिला. सप्टेंबरच्या मध्यात दुसरी यादी लागली आणि तिच्यात सोनूचं नाव होतं. त्या शाळेत प्रवेश फक्त पाचवीला मिळतो, पुढच्या वर्षी संधी नाही. मंजुरीची मुदत सव्वीस सप्टेंबर, संध्याकाळी पाच.

प्रेमदास लॅपटॉप घेऊन माझ्याकडे धावत आला. तोंडभर हसत होता. मग आम्ही दोघांनीही एकाच वेळी हिशेब केला आणि त्याचं हसू मावळलं. सोनू गेली की एकोणीस.

"थांब," मी म्हटलं. "घाई करू नोको. सव्वीसपर्यंत टाइम हाय. तोवर एखादं पोट्टं सापडते का पाहू."

तो थांबला. मी सांगितलं म्हणून थांबला. त्यानं आठवडाभर गाडीवरून चकरा मारल्या. कारंज्याकडच्या वीटभट्टीवर गावचं एक कुटुंब होतं, त्यांचं पोर सहा वर्षांचं. तिथं दोनदा गेला. बाप म्हणाला, दिवाळी झाल्यावर येतो. आणखी एकाला विचारलं, त्यानं पोर आधीच आत्याकडे टाकलेलं. सव्वीसला दुपारी साडेतीनला प्रेमदास ऑफिसात येऊन उभा राहिला.

"नाई भेटलं मॅडम. चला ओट्यावर."

"प्रेमदास, शाळा जाईन."

"जाईन."

"एवढं सारं केलं तू, ते कुठी जाईन? तुले अतिरिक्त करून कुठी फेकतीन? एका पोट्टीसाठी एकोणीस पोट्ट्यायचं..."

"मॅडम, ते वाट पाहून राह्यली." त्याचे डोळे भरून आले होते. "मी तिले अडवू नाई शकत. माह्याच्यानं होत नाई."

मी मोबाईल घेऊन ओट्यावर चढले. पोरं जमली. सोनू पहिल्या रांगेत. वेणीला लाल रिबीन, केसांना चपचपीत तेल. रुखमानं त्या दिवशी खाडा केला होता आणि ती फाटकाशी उभी होती. प्रेमदासनं खिडकीतून हात वर केला. मोबाईल ट्रिंग वाजला. सहा अंक आले.

मी ते वाचले.

"आला का मॅडम?" प्रेमदासनं विचारलं.

"नाई," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा पाठवला. पुन्हा आला. मी मोबाईल हातानं वर धरला, इकडंतिकडं फिरवला, रेंज शोधल्यासारखं केलं. माझ्या हातून असं नाटक होईल हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. पोरं तोंड उघडून तयार उभी होती. तिसऱ्यांदा आला. "नाई येऊन राह्यला," मी म्हटलं. चार वाजले, सव्वाचार वाजले, प्रेमदास गाडी घेऊन टेकडीवर जाऊया म्हणाला. मी म्हटलं, इथंच येईल, थांब. सव्वा तास मी त्या ओट्यावर उभी होते. पाचला पोर्टल बंद झालं. पोरं एकेक करून पांगली. सोनू सगळ्यांत शेवटी गेली.

का केलं? मी याची उत्तरं खूप जमवली आहेत. चिमुकली पोरं नाल्यापलीकडे जाणार नाहीत. प्रेमदासचं सगळं काम पाण्यात जाईल. सोनू हुशार आहे, तिचं कुठंही भलं होईल. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की माझं एक वर्ष उरलं होतं आणि मला बंद पडलेल्या शाळेतून रिटायर व्हायचं नव्हतं. त्या क्षणी यातलं कोणतं कारण माझ्या जिभेवर होतं ते मला आजही सांगता येत नाही. ते सहा अंक मात्र पाठ आहेत.

प्रेमदास खिडकीतून उठून बाहेर आला. तो यंत्राला एक शब्द बोलला नाही, रेंजलाही नाही. "कालच करायले पायजे होतं," तो म्हणाला. "मीच थांबलो." आणि पायरीवर बसून तो रडला. माझ्यासमोर तो पहिल्यांदाच रडत होता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले, पर्स घट्ट धरून. पर्समध्ये मोबाईल होता.

आम्ही दोघं रुखमाकडे गेलो. दिवे लागायची वेळ होती. दाराशी एक नवी पत्र्याची पेटी होती. तिच्या झाकणावर सोनूनं स्वतःच्या हातानं रंगानं नाव लिहिलं होतं आणि खाली 'इयत्ता ५ वी'. प्रेमदासनं ती पाहिली आणि तो दारातच खाली बसला. शेवटी त्यानं सांगितलं की मुदत गेली, आता होणार नाही.

मग रुखमाच त्याची समजूत काढायला लागली.

"मशीन बिगडली असन सर. तुमी काय करसान?"

"मशीन नाई बिगडली, ताई," प्रेमदास म्हणाला. "चूक माही हाय. पयल्याच दिवशी करायले पायजे होतं, मी आठ दिवस थांबलो."

सोनू येऊन पेटीवर बसली. ती म्हणाली, "मी रोज पाहत होती सर. नंबर टाकून. रोज लिवून येत होतं, आधीच्या शाळेची मंजुरी बाकी."

म्हणजे तिला आठ दिवस सगळं दिसत होतं. तिनं आईला सांगितलं नव्हतं. सरांना विचारलं नव्हतं. सर करतील म्हणून गप्प बसली होती. प्रेमदासनं मान खाली घातली. मग सोनूनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आईला गोंडीत काहीतरी सांगितलं. रुखमा माझ्याकडे बघायला लागली. प्रेमदासही वळला. त्यानं सोनूला हळू आवाजात दोन-तीन वाक्यं गोंडीतच सांगितली.

"काय म्हनते?" मी विचारलं.

"काही नाई मॅडम," तो म्हणाला. "चला, तुमाले उशीर होते."

तीस तारखेला पट वीस भरला. अहवाल मी लिहिला. सोनू आठवडाभर आली नाही, आली तेव्हा शेवटच्या ओळीत बसली. शब्द भरायचं काम तिनं सोडलं. टॅब दिला तर घ्यायची, मांडीवर ठेवायची, सुरू करायची नाही. मी ओट्यावरून अंक ओरडले की बाकीची पोरं म्हणायची, ती नाही. प्रेमदास तिच्याशी रोज बोलायचा. ती 'हो सर', 'नाई सर' म्हणायची, आणि तेही मराठीत.

पुढच्या जूनमध्ये पाचवीची चौघं बाहेर पडली आणि पहिलीत एकच आलं. शाळा बंद करायच्या यादीत गेली. म्हणजे एवढं सगळं करून मी त्या शाळेला एक वर्ष मिळवून दिलं आणि ते सोनूच्या जन्मातून काढून घेतलं. माझी रिटायरमेंट आणि शाळेचं कुलूप एकाच महिन्यात आलं. प्रेमदासला हिंगणघाटकडे पाठवलं, अल्लीपूरच्या पुढे. तिथं गोंडी बोलणारं पोर वर्गात नाही. सोनू नाल्यापलीकडे सहावीत जाते. पाणी आलं की जात नाही.

गावानं आमच्यासाठी छोटासा कार्यक्रम ठेवला. अंगणात सतरंजी, दोन खुर्च्या, शाल आणि नारळ. प्रेमदासला बोलायला सांगितलं. त्यानं पोरांची नावं घेतली, आवाज देणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं घेतली, आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "या शाळेत मी जे काही करू शकलो ते मॅडममुळं. टॅब घरी देऊ द्या म्हटलं, देऊ देल्ले. मॅडमनं मले कधीच कोन्या गोष्टीले अडवलं नाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, बरं झालं, याला कधी कळलं नाही.

मग बायका कुंकू लावायला आल्या. शेवटी रुखमा आली. तिनं मला कुंकू लावलं, नारळ ओटीत घातला आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"मॅडम, सोनूनं त्याच दिवशी सांगतलं होतं. मोबाईल तीनदा वाजला, असं. पोट्ट्यायले तुमच्या मोबाईलचा आवाज ठाऊक हाय. सर तिले म्हनले, हे कोनाले सांगजो नोको, मॅडमनं शाळेसाठी केलं. कुंकूबी मी सरायनं सांगतलं म्हनून लावून राह्यली."

ती बाजूला झाली. समोर प्रेमदास मोबाईल धरून उभा होता, गावकऱ्यांबरोबर माझा फोटो काढायला. पोरं मागं उभी राहिली होती. सोनू त्यांच्यात नव्हती, ती फाटकापाशी होती. मी शाल सावरली.

"मॅडम, इकडं पाहा," तो म्हणाला. "जरासं हासा."